छातीवरचं बक्कल

ऑक्टोबर लागला की मला माझा फोन वैऱ्यासारखा वाटायला लागतो. पाऊस पाठ फिरवतो, नागपुरातलं ऊन पुन्हा डोक्यात जायला लागतं, पंख्याखाली बसूनही पाठ चिकचिकते आणि नेमके तेव्हाच अनोळखी नंबर सुरू होतात. "मॅडम, आम्ही पाच जण आहोत." "मॅडम, दिवाळीच्या सुटीत चंद्रपूर-गडचिरोलीकडे पाठीवर सॅक टाकून तीन दिवस चालायचं ठरतंय." "मॅडम, काहीतरी ऑफबीट हवंय." ऑफबीट म्हणे! माझ्या बापाची नाळ जिथे पुरली ते गाव यांचं ऑफबीट. मी मॅडम आहे हे खरं आहे. एका ज्युनियर कॉलेजात शिकवते. काय शिकवता, असं विचारू नका. भूगोल शिकवते.

जो तो आधी वाघाचं विचारतो. वाघ दिसेल का, दिसला तर काय करायचं, पळायचं की उभं राहायचं. अरे, वाघच बघायचा तर मोहर्लीला जा. तिथे जिप्सीत बसवून फिरवतात, वाघ नाही दिसला तर निदान हरणं दिसतात. आमच्या गावात वाघाचं कोणी विचारत नाही, तो आहेच. सकाळी कोणत्या अंगाला आवाज आला तेवढं ऐकायचं आणि त्या दिवशी त्या अंगाला गुरं न्यायची नाहीत, संपलं. चिखलाचं मात्र कोणी म्हणून विचारत नाही. चार वर्षांत एवढे फोन आले, पण मॅडम, तिथला चिखल कसा आहे हो, असं एकानेही विचारलं नाही. मी तरी कुठे विचारलं होतं!

यंदाची मुलगी गोड बोलणारी निघाली, त्याने तर आणखीच वैताग आला. तन्वी तिचं नाव. "मॅडम, तुमचा नकाशा आहे आमच्याकडे, ग्रुपवर फिरतोय," असं म्हणून तिने फोटो पाठवला. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर निळ्या पेनाने काढलेली वाट, माझं तिरपं अक्षर आणि मधोमध माझ्या शहाणपणाची ओळ: 'तलाव. मधून वाट आहे. वीस मिनिटं.' तो कागद मी चार वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने जाळला होता. कागद जळतो हो, त्याचा फोटो कुठे जळतो.

"त्या वाटेने जाऊ नका," मी ओरडलेच. "नकाशा चुकीचा आहे. फेकून द्या तो."

"पण मॅडम, रिव्ह्यू तर छान आहेत," ती म्हणाली. "आणि तलावाशी एक म्हातारे काका बसलेले असतात म्हणे, ते बाजूची वाट दाखवतात. लंगडतात, हातात बांबू असतो. खूप क्यूट आहेत असं लिहिलंय सगळ्यांनी."

मी फोन कट केला. नीट निरोपसुद्धा घेतला नाही. क्यूट! त्या म्हाताऱ्याचं नाव डोमाजी. माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, माझे मोठे बाबा. ते लंगडतात ते माझ्यामुळे. पण ते तिथे बसतात, हे मला आज एका परक्या मुलीकडून कळत होतं.

गावाचं नाव मी सांगणार नाही, उगाच आणखी पाच जण निघतील. नागभीडकडून गडचिरोलीला जाणारी एसटी एका फाट्यावर सोडते, तिथून आत. तलावाच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला, टेकून वसलेली पन्नास-साठ घरं. निम्मी घरं आमच्यासारखी मासे मारणाऱ्यांची, निम्मी धानवाल्यांची. वडील धाकटे. त्यांनी जाळं टाकायचं सोडलं आणि कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यात नोकरी धरली. मी वाढले त्या कॉलनीत. काळी माती, कापसाची शेतं आणि झाडांच्या पानांवर पांढरी भुकटी. गावाला जायचं ते परीक्षा संपली की, आणि शाळेची घंटा वाजायच्या आत परत. दिवाळीला कधीच नाही. बाबांना दिवाळीत सुटी मिळायची दोन दिवस आणि आईला गावच्या डासांची धास्ती. "हिवताप घेऊन यायचंय का?" या एका वाक्यावर तिने माझ्या लहानपणातले सगळे कार्तिक खोडून टाकले.

पण उन्हाळा माझा होता. पूर्ण माझा. पहाटे मोहाच्या फुलांचा गोडसर, डोकं जड करणारा वास घरात यायचा. टेंबरं, म्हणजे तेंदूची फळं, खाऊन जीभ तुरट व्हायची, ओठांना डिंक लागल्यासारखा चिकटपणा. आणि तलाव! मे महिन्यात तो तलाव नसायचाच. भेगाळलेलं भलंमोठं अंगण असायचं. एकेक ढेपूळ ताटाएवढं. भेगेत काडी घालून आम्ही पोरं आत काय आहे ते बघायचो, शिंपले निघायचे, कधी वाळलेला खेकडा. बाया खाली वाकून कमळाचे कंद खणायच्या. आणि त्या अंगणाच्या मधून, या पाळीपासून त्या काठापर्यंत, पायांनी मळलेली पांढरी रेघ जायची. पलीकडे आत्याचं गाव. ऊन चढायच्या आत आम्ही त्या रेघेवरून पळत जायचो, मोठे बाबा मागून हळू चालत, खांद्यावर कावड. वीस मिनिटं लागायची. खोटं नव्हतं ते. आजही मे महिन्यात घड्याळ लावून बघा, वीसच लागतील.

आमच्या गावात एक रीत आहे. परक्या माणसाने वाट विचारली की त्याला डांबरी रस्ता सांगायचा. लांब असो, वेळ लागो, "रस्त्यानं जा जी," एवढंच. वाट सांगायची ती आपल्या माणसाला. अमक्याच्या बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे धानाच्या खाचराच्या बांधावरून, येनाच्या झाडाशी वळ, असं. त्यात कंजूषपणा नाही. वाट महिन्यामहिन्याला बदलते, आज कोरडी ती उद्या बुडालेली, आणि परक्याला ते कोण रोज सांगत बसणार? मला मात्र लहानपणी सगळे वाट सांगायचे. त्याचा मला केवढा माज होता, तो मला पुढे कळला.

आता तो निखिल. आमच्याच कॉलेजात होता, फिरणाऱ्या मंडळींचा म्होरक्या. सह्याद्रीतले किल्ले करून आलेला, बोलताना दर वाक्याला एक घाट. एकदा स्टाफरूममध्ये म्हणाला, "मॅडम, तुमच्या गावाकडे काही आहे का?" काही आहे का! गडचिरोली म्हटलं की या लोकांच्या तोंडून एकच निघतं, "अरे बापरे." भुवया वर जातात, आवाज खाली येतो. मी वर्षानुवर्षं तो 'अरे बापरे' गिळत आले होते. त्या दिवशी नाही गिळला. म्हटलं, चला, दाखवते. तलावांची रांग आहे आमच्याकडे, एका तलावावरून दुसऱ्यावर, जंगलाच्या कडेकडेने, गावागावांच्या वाटांनी थेट वैनगंगेपर्यंत. तीन दिवसांत करू. वाटा माझ्या पायाखालच्या आहेत. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला, दुसरं काय!

ते पंधरा दिवस मी सुखात होते, हे आता सांगतानाही माझा मलाच राग येतो. माझ्या घरी डायनिंग टेबलावर सामान पसरलेलं असायचं. कोणी पाण्याच्या पिशव्या मोजतंय, कोणी जळवांसाठी मिठाच्या पुरचुंड्या बांधतंय, मच्छरचं क्रीम किती, सुके मोजे किती जोड. मी कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि वाट काढली. हात जराही थबकला नाही. मोहाचं झाड, पाळ, तलाव, मधून वाट, वीस मिनिटं. निखिलने मोबाइलवर वरून काढलेला फोटो उघडला आणि माझा कागद त्याच्या शेजारी धरला. फोटोतही तलाव भुरका, कोरडा, आणि माझी पांढरी रेघ अगदी जशीच्या तशी. "मॅडम, परफेक्ट मॅच!" तो म्हणाला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो फोटो उन्हाळ्यातला होता. माझी आठवणही उन्हाळ्यातली. एकाच महिन्याचे दोन साक्षीदार, साक्ष जुळणारच की. मुलांना मी वर्गात मोसमी पाऊस शिकवते, फळ्यावर बाण काढून दाखवते, आणि माझ्या डोक्यात हे आलं नाही.

मोठ्या बाबांना फोन केला तो विचारायला नाही, सांगायला.

"कवा येऊन राह्यली?" ते म्हणाले.

"दिवाळी झाली की दुसऱ्या दिवशी. सहा जण आहोत. तलावातून आत्याच्या गावाला जाऊ."

"कातिकात? तलावातून?" मागे कुणाचा तरी कोंबडा ओरडत होता. "नोको वं बाई. पाळीनं जाऊ. मंग धुऱ्याधुऱ्यानं. दुपार होईन, पन जाऊ."

"अहो मोठे बाबा, माझ्या पायाखालची वाट आहे ती."

"पायाखालची हाय. पन उन्हाळ्यातली हाय. तूच उन्हाळ्यातली हाय, माय. कातिकातला तलाव तुनं पाह्यलाच नाई."

मी हसले. म्हातारी माणसं बोलतात तसं बोलताहेत, असं वाटलं.

आम्ही पोहोचलो तेव्हा गावात लवकर पिकणारा हलका धान कापणीला आला होता. सकाळचे नऊ वाजले नव्हते तरी अंगातून धार लागलेली. हवा नुसती ओली गोधडी. आमच्या पाठीवर लाल, निळ्या, पिवळ्या सॅका, छातीवर पट्टा, कमरेवर पट्टा. लोक बघत होते आणि हसू दाबत होते. शेजारच्या पारबताबाईने मात्र दाबलं नाही. मासे विकून विकून तिचा आवाज असा झालाय की पाळीवरून हाक मारली तर पलीकडचा काठ वळून बघतो.

"काऊन वं, पाठीवर काऊन बांधलं?" ती म्हणाली. "डोक्यावर घे नं."

"असंच असतं हे, काकू."

"असंच असते! डोक्यावरचं टाकता येते माय. कावड टाकता येते. पाठीवरचं बांधलेलं कोन काढून देईन तुले पान्यात?"

मी तिचं बोलणं माझ्या मंडळींना गंमत म्हणून सांगितलं. सगळे हसले, कोणीतरी तिचा फोटो काढला. 'क्यूट' हा शब्द तेव्हा कोणी वापरला की नाही, आठवत नाही. वापरला असता तर मी काही चिडले नसते.

मग पाळीवर चढलो आणि तलाव दिसला. मी तो आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. पाणी म्हणून कुठे नव्हतंच फारसं. हिरवंगार सगळं. देवधान, म्हणजे पाण्यात आपोआप उगवणारा जंगली भात, कमरेएवढा वाढलेला, वाऱ्याने एका अंगाला झुकणारा, बघावं तर एखाद्याचं शेतच. काठाला बेशरमाची जांभळी फुलं, मध्ये कमळाची पानं, एक बगळा उभा. इतकं सुंदर दिसत होतं की मला माझ्या गावाचा अभिमान वाटला. निखिलच्या मोबाइलवर निळा ठिपका पाळीच्या काठाशी येऊन थांबला होता आणि रेघ सरळ त्या हिरव्यात जात होती.

मोठे बाबा म्हणाले, "पाळीनं चाला." निखिल घड्याळ बघत होता. अंधाराच्या आत पुढचं गाव गाठायचं होतं, जंगलाच्या कडेला संध्याकाळी राहायचं नाही, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. "काका, वीस मिनिटं दाखवतोय," तो म्हणाला. मोठे बाबा माझ्याकडे बघत राहिले. ही सांगेल, असं त्यांना वाटलं असणार. आणि मी निखिलकडे वळून, आवाज खाली आणून म्हणाले, "वय झालंय त्यांचं. घाबरतात आता."

ते बहिरे नव्हते. साठ वर्षं त्या तलावात उतरलेला माणूस, भर पावसात रात्री जाळं काढून आणणारा, त्याला मी पाच परक्यांसमोर भित्रा म्हटलं. त्यांनी तोंडातली खर्ऱ्याची पिचकारी टाकली, बांबू उचलला आणि म्हणाले, "चाला." मग माझे लाल झालेले खांदे त्यांना दिसले. घरची लेक ओझं वाहते आणि आपण मोकळे, हे त्यांना बघवेना. "आन ते गाठोडं." सॅक घेऊन ते डोक्यावर ठेवायला गेले. ती उंच, बसेना, घसरायला लागली. मी म्हटलं, "असं नाही मोठे बाबा, थांबा." मी त्यांचे हात पट्ट्यांतून घातले. कमरेचं बक्कल लावलं, टक्. छातीवरचं लावलं, टक्. माझ्या हाताने. निखिल म्हणाला, "एकदम फिट, काका."

पहिली दहा मिनिटं काही झालं नाही, तेच वाईट झालं. घोट्याएवढं कोमट पाणी, पायाखाली मऊ. ते पुढे, बांबूने टोचत टोचत, आम्ही त्यांच्या पावलात पाऊल टाकत. डासांचे थवे नाकातोंडात. पाय उचलला की सडक्या अंड्यासारखा वास वर यायचा, बुडबुडे फुटायचे. मी मागून सांगत होते, इथे आम्ही खेळायचो, इथे खेकडे निघायचे. मग त्यांचा बांबू खाली गेला तो जातच राहिला. ते मागे सरकले असते. उघड्या अंगाचे असते तर सरकलेच असते. पाठीवरच्या ओझ्याने त्यांना मागे हेलकावा दिला आणि दोन्ही पाय मांडीपर्यंत आत गेले. मग कमरेपर्यंत.

चिखलात काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं. आडवं व्हायचं, अंग पसरायचं. पण पाठीवर पडावं तर सॅक मध्ये, पोटावर पडावं तर सॅक डोकं पाण्यात दाबते. ते छातीशी हात नेऊन ते बक्कल चाचपत होते. "दोन्ही बाजूंनी दाबा! दाबा, मोठे बाबा, दाबा!" मी बोंबलत होते. त्यांना कळत नव्हतं काय दाबायचं. ते ओढत होते, गाठ सोडतात तसं. जाळ्याची कसलीही गाठ, ओली, आवळलेली, डोळे मिटून सोडणारी बोटं ती. प्लास्टिकच्या त्या बोटभर तुकड्यापुढे हरली. आमच्यातल्या एकालाही त्यांच्यापर्यंत जाता आलं नाही. पाच पावलं अंतर होतं.

माझ्या किंकाळ्या ऐकून धान कापणारे धावले. दाराची फळी आणि पेंढ्या चिखलावर टाकत, त्यावर पोटाने सरपटत आले आणि विळ्याने पट्टे कापले. सॅक बाजूला पडली तशी त्यांची छाती मोकळी झाली, ते ओढून श्वास घ्यायला लागले. पण उजवा पाय खाली मुळांत अडकलेला होता. ओढून काढताना गुडघा फिरला, खुबा गेला. पाळीवर आणून ठेवलं तेव्हा पारबताबाई त्यांच्या तोंडावरचा चिखल पदराने पुसत होती आणि माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती.

गडचिरोलीच्या दवाखान्यात सळी घातली, प्लास्टर झालं. डॉक्टर चांगले होते, खरं ते बोलले. काठी घेऊन चालता येईल, चिखलात आणि पाण्यात उतरायचं मात्र कायमचं बंद. मोठे बाबा त्यावर म्हणाले, "मंग मी करू काय?" एवढंच. मी कॉटच्या पायथ्याशी उभी होते.

गावाने मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं, मीही दोन शब्द बोलले असते, रडले असते. पंधरा दिवसांनी एसटीच्या कंडक्टरच्या हाती माझी सॅक आली. धुतलेली, वाळवलेली, आतली एकेक वस्तू जशीच्या तशी, मच्छरचं क्रीमसुद्धा. फक्त छातीवरचा आणि कमरेचा पट्टा कापलेला. निखिलने निघायच्या आदल्या दिवशीच नकाशाचा फोटो माझ्या नंबरासकट ग्रुपवर टाकला होता, तो काढायचं त्याला सुचलं नाही. पुढच्या वर्षी तो पुण्याला गेला. मी त्याला मनातल्या मनात भरपूर शिव्या देते, पण अक्षर माझं आहे.

त्यानंतर मी गावाला गेले ती मे महिन्यातच. हो, मे महिन्यात. तलाव वाळलेला, अंगण पसरलेलं, कोणाला काही आठवायचं कारण नाही अशा दिवसांत. मोठे बाबा मला टेंबरं द्यायचे, मी खायचे. ते ओट्यावर बसून दुसऱ्यांची जाळी विणून द्यायचे, मी विषय काढायचे नाही. भित्रं कोण होतं, ते चार वर्षांनी स्वच्छ दिसतंय.

म्हणून यंदा, तन्वीने फोनवर सांगितलेल्या तारखेला तिचा ग्रुप पोहोचणार होता, त्या सकाळी मी पहिली एसटी धरली. फाट्यावर उतरले तर तोच चिकट उकाडा, तोच पिकत्या धानाचा वास. आतल्या वळणावर पारबताबाई गवताचा भारा डोक्यावर घेऊन येत होती. चार वर्षांत वाकली आहे, आवाज तोच.

"मोठे बाबा कुठी हायेत, काकू?" मी विचारलं. तिच्या बोलीत बोलायचा माझा तो केविलवाणा प्रयत्न.

"पाळीवर."

"कोणत्या वाटेनं जाऊ? धुऱ्यावरून की..."

तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. भारा जरा सावरला. "रस्त्यानं जा जी, मॅडम," ती म्हणाली आणि चालायला लागली.

अनोळखी नंबरांवरून शंभरदा ऐकलेला तो मॅडम शब्द, पण असा कधी लागला नव्हता. तिथून पाळीला जायला तीन वाटा आहेत, तिन्ही जवळच्या. मी डांबरी रस्त्याने गेले. उन्हातून, पाऊण तास.

मोहाच्या झाडाखाली, जिथून उन्हाळ्याची रेघ तलावात उतरते बरोबर त्या जागी, मोठे बाबा बसले होते. उजवा पाय सरळ पसरलेला, बांबू मांडीवर आडवा, शेजारी विणायचं जाळं. समोर देवधान वाऱ्याने झुकत होता. आत कोणीतरी डोंग्यात उभं राहून जाळं टाकत होतं आणि मोठे बाबा त्याच्याकडे बघत होते. मला पाहून चकित झाले नाहीत.

"आली?"

"रोज बसता इथे?"

"दसऱ्यापासून बसतो. धान चुरून मळनी होयेपावतर. मंग तलाव सुकते."

"कायले? गावातल्या लोकांना वाट माहीत नाही का?"

"गावातल्यायले ठाव हाय नं." त्यांनी सुतळी दातात धरून ओढली. "तुह्या नकाशावाल्यायसाठी बसतो. येतात आन सिद्धे उतराले पाहतात. वीस मिनटं म्हनतात. फोनात दाखवलं एकानं. मले वाचता येत नाई, पन रेघ वळखली. लहानपनी अंगनात काडीनं अशीच काढत होती तू."

माझा राग उसळून आला. कोणावर, ते मला त्या क्षणी सांगता आलं नसतं. "मला का नाही सांगितलं? चार वर्षं! मी काहीतरी केलं असतं!"

"मे महिन्यात येते तू," ते शांतपणे म्हणाले. "मे महिन्यात इथी कोन बसते?"

मी त्यांच्या बाजूला जमिनीवर बसले. मुंग्या चावत होत्या. मला रडायचं होतं आणि त्यांच्यासमोर रडायची लाज वाटत होती. ते जाळं विणत राहिले. त्यांनी मला माफ केलं नव्हतं आणि मनात धरूनही ठेवलं नव्हतं. त्यांना काम होतं, ते करत होते. मीच मोकळी बसले होते.

अकराच्या सुमारास ते पाच जण आले. घामाने निथळत, हसत, पाठीवर रंगीत सॅका. पुढे एक बारीक मुलगी, हातात मोबाइल. आवाजावरून ओळखली, तीच तन्वी. तिने पाहिलं मोबाइलकडे, मग देवधानाकडे, आणि तिचा पाय काठावरून खाली निघाला. मोठे बाबा बांबूवर जोर देऊन उठले. उठताना त्यांचा जबडा आवळला गेला. बांबू त्यांनी तिच्यापुढे आडवा धरला.

"तिकून नाई, बाई. पाळीनं जा. त्या सिंदीपाशी खाली उतरा, मंग धुरा धरा. दुपार होईन."

"नकाशात तर..." ती म्हणाली.

"नकाशा उन्हाळ्यातला हाय."

मी तोपर्यंत उठले होते. तिच्यापुढे गेले आणि तिच्या छातीवरचं बक्कल दोन्ही बाजूंनी दाबून उघडलं. मग कमरेचं. ती दचकली. "हे उघडं ठेव," मी म्हणाले, "पाळीवरसुद्धा. तुमच्यातल्या सगळ्यांचं." माझा आवाज तिला ओळखू आला की नाही, कोण जाणे. तिने बाकीच्यांकडे पाहिलं आणि एकेकाने आपापलं बक्कल काढलं, टक्, टक्, टक्. मोठे बाबा ते काढणारे हात निरखून बघत होते. दोन्ही बाजूंनी दाबायचं, हे त्यांनी आज पाहिलं.

तन्वी माझ्याकडे बघून हसली. "थँक्यू काकू. तुम्ही इथल्याच का?"

मी तोंड उघडलं होतं. माझ्याआधी मोठे बाबाच बोलले, बांबूने पाळीची वाट दाखवता दाखवता, सहज.

"नाई जी. हे उन्हाळ्यातली हाय."